कपाटाची किल्ली, मोबाईलचा पासवर्ड

नेहमीच्या वाचकांना माहितीच आहे, नवीन लोकांसाठी सांगते. मी पाचवी ते आठवीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि महिन्यातून एकदा या पानावर तुमच्या प्रश्नांना उत्तरं देते. शाळा नुकत्याच सुरू झाल्यात म्हणून असेल, यावेळी पत्रांचा आणि मेलचा ढीग पडलाय. गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत पुस्तक आणि मोबाईल एकाच वाक्यात आलेत आणि बहुतेक वेळा भांडतच आलेत. सगळ्यांना पुरं पडता येणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा सातवीत गेला. पुस्तक हातात धरत नाही, दिवसभर रील्स नाहीतर क्रिकेटचे हायलाइट्स. वाढदिवसाला साडेआठशे रुपयांचा पुस्तकांचा सेट आणला, त्याचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नाही. वाचायची गोडी लागेल अशी दहा पुस्तकांची यादी द्या ना प्लीज. (एक आई, इचलकरंजी)

ताई, यादी देत नाही, रागावू नका. आधी ते प्लास्टिक तुम्हीच काढा आणि त्यातलं एखादं पुस्तक तुम्हीच वाचायला घ्या. सेट हा प्रकारच मला फारसा आवडत नाही, दहा पुस्तकं एकदम समोर आली की पोराला वाटतं आणखी एक विषय वाढला.

मी वर्गात काय करते ते सांगते. सातवीचा लायब्ररीचा तास पस्तीस मिनिटांचा असतो. त्यात मी फास्टर फेणे घेते, पंधराएक मिनिटं मोठ्यानं वाचते, आणि तो जिथे पुरता अडकलाय, आता याचं काय होणार असं झालंय, बरोब्बर तिथे पुस्तक मिटते. वर्गात एकच ओरडा, मॅडम पुढे काय, मॅडम पुढे काय. पुढे काय ते कपाटात, एकच कॉपी आहे, कुणाला पाहिजे? मग कपाटासमोर जी ढकलाढकली होते ती बघण्यासारखी असते. ही लबाडी आहे, मान्य आहे, पण एकोणीस वर्षांत याच्याइतकं दुसरं काही चाललेलं नाही. घरी तुम्हीसुद्धा करू शकता, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, सातवीतला मुलगा काही मोठा झालेला नसतो, ऐकतो.

फास्टर फेणेच का? कारण तो हिरो वाटतच नाही. बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याला शिकायला आलेला काडीपैलवान, सायकल आणि तोंडानं ट्टॉक करायची सवय एवढंच भांडवल. भा. रा. भागवतांनी तो रंगवला त्याला कितीतरी वर्षं झाली, त्यामुळे काही शब्द आजच्या मुलांना अडतात, तर अडू द्या, दर शब्दाला थांबून अर्थ सांगत बसलात तर गोष्ट तिथेच मेली. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' पासून सुरुवात करा. २०१७ ला सिनेमा आला होता त्यातला फाफे चांगला मोठा झालेला आहे, तो बघून आमच्याकडे आलेली दोन-तीन मुलं पुस्तकातला शाळकरी फाफे बघून जरा नाराजच झाली होती, पण पुस्तक परत द्यायला मात्र उशीर केला त्यांनी!

फाफे लागला की फेलूदा द्या. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह, मराठीत अशोक जैन यांनी आणलाय, आणि गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, जो स्वतःच तुमच्या मुलाच्या आसपासच्या वयाचा आहे. घरात लहान भावंड असेल तर बोक्या सातबंडे, दिलीप प्रभावळकरांचा, पाचवीला एकदम फिट.

आणि क्रिकेटचं म्हणाल तर पेपरातलं खेळाचं पान रोज सकाळी चहाबरोबर त्याच्यासमोर टाका, बोलू काहीच नका. तेही वाचनच आहे, लोक उगाच त्याला वाचनात धरत नाहीत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत ६२ मुलं. कपाटात दीडशे पुस्तकं, त्यातली निम्मी मुलांच्या कामाची नाहीत. लोकवर्गणीतून एक स्मार्ट टीव्ही मिळालाय. नेट कधी असतं कधी नसतं. मुलांची घरची भाषा पावरी. खर्च न करता काय करता येईल? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, कपाटाला कुलूप असेल तर ते काढा. पुस्तक हरवलं तर काय ही भीती मलाही होती, पहिली तीन वर्षं मी किल्ली कमरेला बांधून फिरायचे आणि वर्षाअखेरीस सगळी पुस्तकं जागेवर, नवीकोरी, कुणी हात न लावलेली. हिशोब चोख आणि उपयोग शून्य. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयाचा पहिला नियम सांगून ठेवलाय की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, आम्ही तो परीक्षेत लिहून मार्क मिळवले आणि नोकरीत विसरलो.

आता टीव्हीचं. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेची स्टोरीविव्हर नावाची साइट आहे, २०१५ पासून चालू आहे, तिथे मराठीत चिक्कार चित्रगोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. जिथे नेट चांगलं आहे तिथे, म्हणजे तालुक्याला मीटिंगला जाल तेव्हा म्हणा, बसून तीसचाळीस गोष्टींच्या पीडीएफ डाउनलोड करा, पेनड्राइव्हवर घ्या, पेनड्राइव्ह टीव्हीला लावा. काही टीव्ही पीडीएफ उघडत नाहीत, तेव्हा पानांचे फोटो म्हणजे जेपीजी करून टाकायचे, ते बहुतेक सगळे टीव्ही दाखवतात. अख्खा वर्ग एकत्र एक पुस्तक वाचतोय, पान तुम्ही पलटताय, बघा काय मजा येते.

पण तुमच्यासाठी खरी चीज वेगळीच आहे. तिथल्या गोष्टींचं लायसन खुलं आहे, म्हणजे मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव देऊन त्या तुम्ही छापू शकता, वाटू शकता, भाषांतरसुद्धा करू शकता. सहावी-सातवीच्या मुलांना बसवा, मराठी गोष्ट समोर ठेवा आणि म्हणा हे पावरीत सांगा, तुमच्या आजीला कळेल असं. देवनागरीतच लिहायचं. एका शब्दावर दोन पाड्यांतली मुलं भांडतील, आमच्याकडे असं म्हणतात, तुमच्याकडे तसं, भांडू द्या. ती चार-पाच पानं प्रिंट काढून स्टेपल करून पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात द्या. त्यांना घरच्या भाषेत छापलेलं काही वाचायला कधी मिळालंय? आणि लिहिणाऱ्या मोठ्या मुलांची मराठी तर आपोआप सुधारते, कारण भाषांतर करायला मूळ वाक्य नीट कळावंच लागतं.

बाकी, 'किशोर' मासिकाचे जुने अंक, अगदी १९७१ च्या नोव्हेंबरातल्या पहिल्या अंकापासून, बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी करायचे व्हिडिओ आहेत, शिवाय मराठी पुस्तकंही आहेत, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यातून भूमितीचे आकार करायचं तर नक्की बघा, सामान तुमच्या गावातल्या सायकलवाल्याकडे मिळेल. 'श्यामची आई' विकिस्रोतावर पूर्ण आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, एकाने तर फास्टर फेणेचा अख्खा संच टाकलाय. मुलांच्या भल्यासाठीच आहे ना, मग फॉरवर्ड करायला काय हरकत? (एक बाबा, ठाणे)

हरकत आहे. वरच्या उत्तरात मी 'श्यामची आई' फुकट वाचा म्हटलं आणि इथे नाही म्हणतेय, तर फरक सांगते. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं कॉपीराइट राहतो, ती साठ वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ च्या पहिल्या दिवसापासून त्यांचं लिखाण सगळ्यांचं झालं. भागवत गेले २००१ ला. म्हणजे फाफे २०६१ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये, आज सातवीत असलेली पोरं तोवर पंचेचाळिशी ओलांडलेली असतील. तुमच्या ग्रुपवरचा संच कुणीतरी स्कॅन करून टाकलेला असणार. डिलीट करा आणि सोसायटीत सगळ्यांनी मिळून एक संच विकत आणा, वीस घरांत फिरवा. फिरवायला पूर्ण परवानगी आहे, पुस्तक उसनं देणं हा गुन्हा नाही!

प्रश्न : मॅडम मी आठवीत आहे. मला ब्लॅक होल खूप आवडतात, यूट्यूबवर सगळे व्हिडिओ बघून झाले. मराठीत याच्यावर गोष्टीचं पुस्तक आहे का? आणि खूप जाडं नको. (एक विद्यार्थी, परभणी)

अरे वा. जयंत नारळीकर वाच, 'यक्षांची देणगी' माग लायब्ररीत, त्यात छोट्या विज्ञानकथा आहेत. नारळीकर म्हणजे जगात नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ, २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या पहिल्या गोष्टीचं नावच 'कृष्णविवर', म्हणजे तुझं ब्लॅक होल. आणि ती कशी आली माहितीये? १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती, नारळीकरांना वाटलं आपलं नाव बघून परीक्षक उगाच नंबर देतील, म्हणून जयंत विष्णू नारळीकर हे उलटं करून ना. वि. ज., नारायण विनायक जगताप असं खोटं नाव घेतलं, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलं आणि पाठवलं. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं!

वाचताना अडलास तर मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, थेट तिथे शोध. भाषा जरा जड वाटेल. आणि एखाद्या शब्दाचा अर्थच लागत नसेल तर बृहद्कोश नावाची साइट आहे, एकच शब्द टाकला की कितीतरी जुन्या-नव्या मराठी कोशांत एकदम शोधते. मी स्वतः रोज वापरते, शब्दकोडं सोडवताना तर जास्तच.

प्रश्न : सुट्टीत वाचलेल्या पुस्तकावर एक पान लिहून आणा असं सांगितलं तर ३८ पैकी २० मुलांनी एआयकडून लिहून आणलं. पालकांनीच करून दिलंय असाही संशय आहे. काय करावं? (एक शिक्षिका, पुणे)

बाई, ३८ पैकी २० च? तुमची मुलं प्रामाणिक आहेत हो.

आमच्याकडे आठवीला मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' दिलं होतं. लंपन नावाचा मुलगा, आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहतो. एका वहीत लिहून आलं की लंपन शेवटी शहरात परत येतो आणि वडिलांच्या दुकानात कामाला लागतो. मी दोन मिनिटं चक्रावले, म्हटलं आपणच विसरलो की काय. असलं काही पुस्तकात नाहीच, त्या ॲपनं ठोकून दिलं होतं आणि पोरानं उतरवून आणलं होतं. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे जास्त होतं असं माझं निरीक्षण आहे. आणि शेवटचं वाक्य, ही कथा आपल्याला जीवनमूल्यांची शिकवण देते. आठवीतलं पोर असं बोलतं का कधी?

मी त्यानंतर पुस्तकाचा सारांश मागणंच बंद केलं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारते. कुठल्या पानावर कंटाळा आला, पान नंबर लिही. एक वाक्य हातानं उतरवून काढ जे तुला परत वाचावंसं वाटलं. वर्गातल्या कुणी हे पुस्तक वाचावं आणि त्यानंच का. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं इतकी भारी येतात, एका मुलीनं लिहिलं होतं की अमुक मुलानं वाचावं कारण तोही डबा खाताना एकटा बसतो. हे कुठल्या ॲपला कसं सुचणार, त्याला आमचा वर्ग माहितीच नाही.

दुसरं म्हणजे एकदा उघडपणे वर्गात घ्या ते. प्रोजेक्टरवर चॅटबॉट लावा, सगळ्यांनी वाचलेल्या पुस्तकावर प्रश्न विचारा, आणि मुलांना त्याच्या चुका पकडू द्या. आम्ही 'श्यामची आई'वर केलं. ज्यांनी पुस्तक अर्धवट वाचलं होतं ते मधल्या सुट्टीत येऊन पुस्तक उघडून बसले, कारण चूक आहे हे सिद्ध करायला पान दाखवायला लागत होतं. लॉगिन मात्र तुमचं वापरा. या सेवांच्या नियमांत वयाची अट असते, बहुतेक ठिकाणी किमान तेरा आणि वर पालकांची संमती, त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांना स्वतःचं अकाउंट काढायला सांगू नका.

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे, त्याला फार कमी दिसतं. गोष्टींची भयंकर आवड. सून वाचून दाखवते पण तिचीही नोकरी आहे, आणि माझा मोतीबिंदू. मोबाईलवर काही सोय आहे का? (एक आजोबा, रत्नागिरी)

आजोबा, आहे, आणि बऱ्यापैकी चांगली आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात टॉकबॅक चालू केलं की फोन स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचतो. मराठी आवाज वेगळा डाउनलोड करावा लागतो. सुरुवातीला वैताग येईल, कारण टॉकबॅक चालू असताना बोटानं दाबायची पद्धतच बदलते, एकदा टॅप केलं की नुसतं बोलतो, दोनदा केलं की उघडतो. नातू दोन दिवसांत शिकेल, तुम्हाला आठवडा लागेल, असा माझा अंदाज.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. पुष्कळ मराठी पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात, फोनला त्यात अक्षरं दिसतच नाहीत, मग तो गप्प बसतो. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली तर तो फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देतो. स्वच्छ छपाई असेल तर छान होतं, जुनाट पानांवर जोडाक्षरांची वाट लागते. आणि काही फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, फोन तोच कचरा मन लावून वाचून दाखवतो. त्या फाइली सोडून द्या, किंवा सुनेला म्हणावं नेटवर फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात त्यातून काढ.

दृष्टी कमी असणाऱ्यांसाठी सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून. भारतीय भाषांतली पुस्तकं, फोननं वाचता येतील अशा रूपात. सभासद होताना अपंगत्वाचा पुरावा लागतो, तेवढं हाताशी ठेवा. कॉपीराइटची भीती नको, २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाची अशी प्रत करायला कायद्यातच वाट ठेवलीये.

आमच्या शाळेत अशी एक मुलगी होती. तिच्या वर्गातल्या चार मुलांनी वाटून घेऊन पुस्तकं मोबाईलवर रेकॉर्ड केली, एक प्रकरण एकाचं. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुत्रं, मध्येच कुणाची आई ओरडतेय, सगळं त्यात. तिला मशीनच्या आवाजापेक्षा तेच आवडायचं. नातवाच्या वर्गशिक्षकांना विचारून बघा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, मराठी बोलते छान पण देवनागरी अडखळत वाचते. लहान मुलांची पुस्तकं दिली की म्हणते मी काय बाळ आहे का. (एक बाबा, न्यू जर्सी)

तिचं बरोबर आहे. वाचायचा वेग दुसरीतला आणि डोकं सहावीतलं, मग ससा-कासव कोण वाचेल? तिनं इंग्रजीत आधी वाचलेलं पुस्तक मराठीत द्या. हॅरी पॉटरचा पहिला भाग मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' म्हणून आहे, गोष्ट पाठ असली की अडलेला शब्द अंदाजानं कळतो. एवढं जाड नको असेल तर 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख गोसावी यांचं भाषांतर, नॅशनल बुक ट्रस्टचं, प्रकरणं अगदी छोटी. आजी इकडे असेल तर एक कॉपी आजीला, एक मुलीला, व्हिडिओ कॉलवर एक पान हिनं एक पान तिनं. चुका आजी काढेल, तुम्ही काढू नका.

प्रश्न : मॅडम, माझ्या छोट्या भावाने लायब्ररीच्या पुस्तकाचं पान फाडलं. मी सेलोटेप लावू का? आमच्या मॅडम खूप ओरडतात. (सहावी, सांगली)

थांब! सेलोटेप लावू नकोस. ती काही वर्षांत पिवळी पडते, चिकटा कागदात मुरतो आणि मग ते पान कुणालाच वाचवता येत नाही. आमच्या कपाटात माझ्याच हातची अशी पंधराएक पुस्तकं आहेत, नवीन होते तेव्हा केलेली.

आईला सांगून मैद्याची पातळ खळ करून घे, गुठळ्या नकोत, आणि थंड होऊ दे. फाटलेल्या कडा एकमेकींवर नीट बसव, आधीच्या होत्या तशाच. पातळ पांढऱ्या टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी घे, खळ अगदी कमी लाव आणि फाटलेल्या जागेवर हलक्या हातानं बसव. खाली-वर बटर पेपर ठेव नाहीतर शेजारचं पान चिकटेल. पुस्तक मिट, वर पाट नाहीतर जात्याची तळी असलं काहीतरी जड ठेव आणि रात्रभर हात लावू नकोस. मग शाळेत नेऊन मॅडमना आपणहून दाखव. ओरडल्या तर म्हणावं खळ मी स्वतः लावलीये.